टाकी लावलेली सहाण

वयाने मी जुनी आहे, मित्रांनो, पण माझ्यावर बोट फिरवाल तर म्हणाल, काल-परवाच बाजारातून आणलेली दिसते. मला सहाण म्हणतात. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखी कधी पाहिलीही नसेल. तान्ह्या बाळाची घुटी ज्या दगडावर उगाळतात ना, तो दगड मी. आता लगेच नाक मुरडू नका. तुमच्या आईवडिलांच्या जिभेला पहिली कडू चव लागली, ती माझ्याच एखाद्या बहिणीच्या अंगावरून गेलेली होती.

माझा जन्म पंचवटीतला. भाजीबाजाराच्या पलीकडे रस्त्याच्या कडेला पाथरवट बसायचे. त्यांतल्या एकाने तांबूस, वाळूच्या दगडाचा तुकडा घेतला, ठोकून ठोकून गोल केला, खाली छोटे पाय काढले, वर पाणी ओतायला चोच काढली आणि मला उन्हात मांडून ठेवलं. शेजारी पाटे, वरवंटे, उखळं, सगळी दांडगी मंडळी. मला वाटायचं, एवढ्याशा दगडाला कोण विचारणार? पण मखमलाबादची एक माळीण फुलं विकून घरी चालली होती. तिच्या सुनेला दिवस गेले होते. तिने मला उलटसुलट करून पाहिलं, पाथरवटाशी मनसोक्त घासाघीस केली आणि फुलांच्या रिकाम्या पाटीत टाकलं. पाटीच्या तळाशी झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या. अशी मी सासरी आले.

त्या सुनेचं नाव नवसाबाई. पुढे तीच घराची मालकीण झाली. नवरा मोतीराम, घरामागे झेंडू-शेवंतीचा मळा, आणि एकामागून एक लेकरं. त्यांतला थोरला ललित. त्याची पहिली घुटी माझ्यावर उगाळली गेली. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, बाळहिरडा, जायफळ, एकेक काडी माझ्यावर फिरायची आणि वाटीत दुधाचा रंग बदलायचा. कडू तोंड करून रडणारं पोर थोड्या वेळाने पाय झाडत खेळायला लागायचं. शेजारणी म्हणायच्या, "नवसाबाई, तुझी पोरं कशी भोपळ्यावानी गं!" नवसाबाई म्हणायची, "माझ्या सहाणंची करामत हाय." त्या घरात आणखी एक सहाण होती, देवघरातली, चंदनाची. तिचा तोरा काय सांगू! अंगाला कायम सुवास, समोर कायम समई. मी तिला म्हणायचे, बाई, तुझं गंध कपाळावर वाळून जातं, माझं पोटात जातं. तेव्हा मला या बोलण्याची फार ऐट वाटायची.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. घुटीला वजनमाप नसतं. तिला वळसे असतात. वेखंडाचा एवढा वळसा, हिरड्याचा तेवढा. मी नवी होते तेव्हा माझं अंग खरखरीत होतं. जायफळ नुसतं टेकवलं तरी दुधात उतरायचं. म्हणून नवसाबाई जायफळाचा जेमतेम अर्धा वळसा घ्यायची, तोही भीत भीत. पुढे लेकरं वाढली, भाचरं-पुतणी वाढली, गल्लीतली पोरंही माझ्यावरच वाढली. मी झिजले. गुळगुळीत झाले. मग नवसाबाईचा हात आपोआप जास्त फिरायला लागला. ललितची मुलगी योगिनी जन्मली, तेव्हा जायफळाचे पुरते दोन वळसे होत होते, आणि त्यातून दुधाला नुसता वास लागायचा. हे नवसाबाईने कधी ठरवलं नव्हतं. तिच्या हाताला ते कळत होतं, एवढंच.

योगिनीची आई सुवर्णा. निफाडकडची, द्राक्षाच्या बागेत वाढलेली. शांत पोरगी. सांगितलेलं काम सांगितलं तसंच करणार, एक काडी इकडची तिकडे करणार नाही. पण माझ्याजवळ तिला कोणी येऊ दिलं नाही. आमच्याकडे म्हणतात, घुटी एकाच हातची असावी, हात बदलला की बाळाला लागू पडत नाही. त्यामुळे सुवर्णा बाळाला मांडीवर घेऊन बसायची आणि सासूचा हात बघायची. बघून बघून तिने वळसे पाठ केले. हाताला काय कळतं, ते बघून कसं कळणार?

ललित सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होता. हुशार होता, मान खाली घालून काम करणारा. अठ्ठ्याण्णव साली सुवर्णाच्या मांडीवर दुसरं बाळ होतं. कुंदन नाव, आजोबांनी ठेवलेलं. तेव्हा ललित एक दिवस पेढे घेऊनच घरी आला. कंपनी त्याला जर्मनीला पाठवणार होती, बायकोमुलांसकट. घरात नुसता आनंदीआनंद. मोतीराम तर फूलबाजारात ज्याला त्याला सांगत सुटले. नवसाबाई मात्र चुलीपाशी जाऊन बसली.

"एवढं तान्हं लेकरू न्यायचं कशाला?" ती म्हणाली. "त्याला एक वर्साचं तरी होऊ दे."

"आई, तिकडे इथल्यापेक्षा चांगले डॉक्टर आहेत," ललित म्हणाला.

"डॉक्टर असतीन. घुटी कोण देईन?"

"घुटी नसली तर काय बिघडतंय?"

झालं! नवसाबाईने भाकरी तव्यावर तशीच टाकली आणि ती उठली. "तू कशावर वाढला रे? माझ्या डोस्क्यावर? सहाण जाईन तुमच्यासंगं. नायतर लेकरू नाय जाणार."

अशी माझी परदेशवारी ठरली. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले. देवघरातली ती चंदनवाली जन्मभर कोनाड्यात बसणार आणि मी विमानात!

निघायच्या आदल्या दिवशी गल्लीत हाक आली. "टाकीऽऽ! पाट्याला टाकीऽऽ!" मैना आली होती. पाटे, जाती झिजली की त्यांना पुन्हा ठोकून खरखरीत करायचं, ते टाकी लावणं. मैना वर्षातून एकदा यायची. नवसाबाईने तिच्याकडून पाटा ठोकून घेतला आणि मग मला पदराने पुसून तिच्यापुढे ठेवलं.

"हिलाबी चार हात मार. परदेशात चाललीय. तिकडं कोण हाय टाकी मारायला?"

मैनाने माझ्यावर अंगठा फिरवला आणि खदखदून हसली. "आवं आजी, ही तं लेकराच्या गालावानी झालीया! हिच्यावर काय उगळत व्हता, पानी?"

"मार तू. लय बोलू नको."

मैनाने माझं जुनं अंग उडवलं. टक टक टक, एकसारखे बारीक खड्डे. तीस वर्षांची झीज घटकाभरात गेली. मी पुन्हा पाथरवटाच्या दुकानातली झाले. नवसाबाईने माझ्यावरची धूळ फुंकली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नातवाबरोबर आपला हात जाऊ शकत नाही, निदान आपला दगड तरी चांगला करून पाठवावा, एवढंच तिच्या मनात होतं. यात कुणाला काही वाईट दिसतंय का? मला तरी दिसलं नाही. पाट्याला टाकी लावली की पहिलं वाटण टाकून देतात आणि पुढे हात सांभाळून वाटतात, हे नवसाबाईला चांगलं ठाऊक होतं. पण बॅगा भरायच्या होत्या, चिवडा बांधायचा होता, ओटी भरायची होती. घाईत ती सुवर्णाला एवढंच म्हणाली, "वळसे ध्यानात हायेत ना? जायफळाचे दोन. कमी नाय, जास्ती नाय."

"दोन, आत्याबाई. आहेत ध्यानात," सुवर्णा म्हणाली.

तिकडे गेल्यावर मला स्वयंपाकघरात खिडकीखाली जागा मिळाली. खिडकीतून एक करडं आकाश दिसायचं आणि समोरच्या इमारतीच्या बंद खिडक्या. थंडी अशी, की माझ्यावर पाणी सांडलं तर ते काढायला बोटं धजायची नाहीत. ललित अंधारात कामाला जायचा, अंधारात परत यायचा. सहा वर्षांची योगिनी शाळेत जायची आणि तिथे दिवसभर एक शब्द बोलायची नाही. घरी आल्यावर दप्तरासकट कोपऱ्यात बसायची. सुवर्णाला बोलायला कोणी नव्हतं. दुकानात गेली तर बोटाने दाखवायची आणि मिळेल ते घेऊन यायची. साखर म्हणून एकदा मीठ आणलं. त्या दिवशी ती आधी हसली आणि मग पोळपाटावर डोकं ठेवून रडली.

कुंदनला ते घर मानवेना. दुपारी रडायचा, संध्याकाळी रडायचा. खालच्या मजल्यावर एक म्हातारी बाई एकटी राहायची. पोराचा आवाज वाढला की ती काठीने छत ठोकायची. ठक ठक. सुवर्णा दचकून कुंदनच्या तोंडावर पदर धरायची. एकदा त्या बाईने ललितला जिन्यात गाठलं. तो वर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"घर कंपनीचं आहे, सुवर्णा. तक्रार गेली तर मला तोंड दाखवायला जागा नाही राहणार."

"अहो, लहान बाळ आहे. रडणार नाही का?"

"ते मला कळतंय. पण काहीही करून त्याला गप्प ठेव."

काहीही करून, असं तो म्हणाला. हे शब्द माझ्यासमोर बोलले गेले. मी तिथेच होते.

सुवर्णाने मला पुढ्यात घेतलं. सासूसारखी मांडी घातली, सासूसारखा पदर खोचला. वेखंड फिरवलं, हिरडा फिरवला. मग जायफळ घेतलं आणि मोजून दोन वळसे दिले. जायफळ माझ्या नव्या दातांत अडकून खरवडून निघालं. दुधात नुसता वास नव्हे, गंधासारखा लगदा उतरला. आधीच्या कितीतरी घुट्या मिळून झालं नसतं, एवढं त्या एका वाटीत होतं. मला ते कळत होतं. सुवर्णा थोडी थबकली. वाटीत बघून स्वतःशीच म्हणाली, "इथल्या हवेत चांगलं उगाळतंय." आणि तिने चमचा कुंदनच्या ओठांना लावला.

कुंदन झोपला. छान झोपला. छत ठोकणं थांबलं. सुवर्णाने कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण केलं. रविवारी नाशिकला फोन लागला तेव्हा ती आनंदाने ओरडून सांगत होती, "आत्याबाई, घुटी लागू पडली! झोपतो हो आता!"

पलीकडून नवसाबाईचा आवाज घरभर ऐकू आला. "झोपंल नाय तं काय! सहाण कुणाची हाय!"

एवढं कौतुक मला जन्मात कधी मिळालं नव्हतं, आणि एवढं नकोसंही कधी झालं नव्हतं.

सुवर्णा रोज घुटी देत राहिली. कुंदन हळूहळू दूध कमी प्यायला लागला. जागा असला तरी डोळे अर्धे मिटलेले. सुवर्णाला वाटलं, थंडी बाधली. थंडी बाधली तर काय करायचं? घुटी चुकवायची नाही. ती सांगितलं तसंच करणारी होती, हे मी तुम्हाला सांगितलंच आहे.

मग एक दुपार आली. योगिनी शाळेतून आली आणि नेहमीसारखी कुंदनच्या तळपायाला गुदगुल्या करायला गेली.

"मम्मी, हा हसत नाही."

सुवर्णाने त्याला उचललं. त्याची मान मागे पडली. श्वास होता, पण अगदी बारीक. तिने हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं, छातीशी धरून ती खोलीभर फिरली. कुणाला बोलवायचं, काय शब्द वापरायचा, तिला काही माहीत नव्हतं. शाळेत एक शब्द न बोलणारी योगिनी जिना उतरून धावली आणि खालच्या म्हातारीचं दार दोन्ही हातांनी बडवायला लागली. तीच बाई, छत ठोकणारी. ती अनवाणी वर आली, कुंदनला एकदा पाहिलं आणि धावत जाऊन तिने फोन केला. गाडी आली. सगळे गेले. मी आणि ती अर्धी भरलेली वाटी मागे राहिलो.

कुंदन वाचला. हे आधीच सांगून टाकते, तुमचा जीव टांगणीला लावून मला काय मिळणार? पण तो इस्पितळात असतानाच घरी दोन बायका आल्या. मुलांची काळजी घेणारं तिकडचं सरकारी खातं असतं, त्यातल्या. त्या ओरडल्या नाहीत की रागावल्या नाहीत. शांतपणे बसल्या आणि विचारलं, बाळाला काय काय देत होतात? ललित अडखळत त्यांचं सुवर्णाला आणि सुवर्णाचं त्यांना समजावून सांगत होता. सुवर्णाला वाटलं, आपलं औषध यांना बघायचंय. तिने मला स्वच्छ धुतलं, त्यांच्यासमोर मांडलं आणि सगळ्या काड्या एकेक करून उगाळून दाखवल्या. लपवण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. त्या दोघींनी वाटीत पाहिलं आणि मग एकमेकींकडे. जाताना त्या जायफळ घेऊन गेल्या.

डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा बाळाला हे द्यायचंच नसतं, आणि इतकं तर विषच. त्या दिवशी ललितने दार लावून घेतलं.

"खरं सांग, किती देत होतीस?"

"दोन वळसे. आत्याबाईंनी सांगितले तेवढेच."

"योगिनीला आईने तेच दिलं. तिला काही झालं? दोन वळशांनी पोर बेशुद्ध पडतं?"

"तुमची शपथ, दोनच."

त्याने नाशिकला फोन लावला. त्याच्या आईचा आवाज घाबराघुबरा झालेला होता. "दोन वळशांनी काय होतंय, ललित? मी एवढी लेकरं काढली. जास्ती दिलं असंल तिनं. झोप मिळावी म्हणून देत्यात काही बायका."

हे सुवर्णाने ऐकलं. तिने फक्त ललितकडे पाहिलं. काहीही करून गप्प ठेव, हे कोण म्हणालं होतं, ते त्याला आठवेल असं तिला वाटलं असावं. त्याला आठवलं नाही. किंवा आठवलं म्हणूनच तो जास्त चिडला. माणसांचं मला नीट कळत नाही.

खात्याने सांगितलं, चौकशी होईपर्यंत आईने मुलांजवळ एकटं राहायचं नाही. ललितला नोकरी होती. मग त्यानेच तोड काढली. कुंदनला दिवसा सांभाळायला एक बाई लावायची आणि सुवर्णाने काही दिवस नाशिकला जायचं.

"मुलं माझ्याबरोबर द्या," सुवर्णा म्हणाली. "मी तिकडे नीट सांभाळीन. आत्याबाई आहेत."

"तुझ्याबरोबर?" ललित म्हणाला. "तुझ्याबरोबर कशी देऊ?"

मला तो फेकूनच देणार होता. पण तिकडे कचऱ्याचे डबे वेगवेगळे, कागदाचा वेगळा, काचेचा वेगळा. दगड कुठल्या डब्यात टाकतात हे त्याला कळेना, म्हणून मी दाराशी पडून राहिले. निघताना सुवर्णाने मला उचललं आणि आपल्या साड्यांत गुंडाळलं. दुसऱ्या खोलीत योगिनी तोंड फिरवून बसली होती. कुंदन त्या नव्या बाईच्या कडेवर होता.

सुवर्णा मला का घेऊन आली, ते मखमलाबादला पोचल्यावर कळलं. तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला नाही की पाय धुतले नाहीत. सरळ स्वयंपाकघरात गेली, सासूच्या पुढ्यात मला मांडलं, जायफळ मागून घेतलं.

"आत्याबाई, तुमच्यासमोर उगाळते. तुम्ही बघा. दोनच वळसे. मग त्यांना फोन करा आणि तुम्ही सांगा, की सुवर्णाने जास्त दिलं नाही. तुमचं ऐकतील ते. माझी मुलं मला परत मिळतील."

तिने दोन वळसे दिले. नवसाबाईने वाटीत पाहिलं. घट्ट, काळपट लगदा. मग तिने बोट पुढे केलं आणि माझ्यावर टेकवलं. नुसतं टेकवलं, मित्रांनो, आणि ते बोट माझ्यावर तसंच राहिलं. तिला सगळं कळलं. गल्लीतली हाक आठवली, मैना आठवली, टाकी आठवली. तिचा चेहरा राखेसारखा झाला. मी म्हटलं, बोल. बोल बाई, आता बोल. तुझ्या एका वाक्यावर हिचा सगळा जन्म आहे.

बाहेर ओट्यावर मोतीराम बसलेले होते. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं.

नवसाबाईने बोट उचललं. "काय नाय," ती म्हणाली. मग सुवर्णाकडे न बघता म्हणाली, "हात जड हाय तुझा. दाबून उगाळती तू."

सुवर्णाने आपला हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. आणि तिने ते खरं मानलं.

नवसाबाई दुष्ट नव्हती. मी तिला आयुष्यभर ओळखते. ती घाबरली. आपण लावून घेतलेल्या टाकीने नातू मरता मरता वाचला, हे आपल्या मुलाला कळलं तर तो पुन्हा आई म्हणून हाक मारेल का, या भीतीने तिची जीभ टाळूला चिकटली. तिला वाटलं, थोडे दिवस जाऊ देत, राग शांत झाला की सांगू. पुढच्या रविवारी फोन आला. ती म्हणाली, "ललित, मला सांगायचं व्हतं..." पलीकडे तो थांबला. आणि ही म्हणाली, "थंडी हाय का रे तिकडं?" त्याच्या पुढच्या रविवारी तेही नाही.

मला तिने मळ्यातल्या खोपीत, रिकाम्या पाट्यांच्या मागे नेऊन टाकलं. उंदरांनी माझ्यावर माती टाकली. कधीकाळी आख्ख्या गल्लीने कौतुक केलेल्या सहाणेची ही गत. पण मला त्याचं काही नाही. खोपीच्या दारातून मला मळा दिसायचा आणि मळ्यात झेंडू तोडणारी सुवर्णा दिसायची. ती माहेरी गेली नाही. मुलांचा फोन या घरी यायचा, म्हणून ती इथेच राहिली. चौकशी केव्हाच मिटली, पण ललितचं तिकडचं काम वाढत गेलं. "मुलांची शाळा लागलीय, मध्येच कसं करायचं? पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी पुन्हा पुढच्या वर्षी. योगिनी फोनवर आधी रडायची, मग बोलायची, मग नुसतं "हो" म्हणायची. कुंदनला तिकडची भाषाच आपली झाली. मजूर बायका कामावर तान्ही मुलं घेऊन यायच्या. एखादं रडायला लागलं आणि सुवर्णाकडे दिलं की ती लगेच परत करायची. म्हणायची, "नको गं, माझा हात जड आहे."

यंदा ललित मुलांना घेऊन येणार असं ठरलं. मोतीराम आता नाहीत. बातमी कळली त्या दिवशी नवसाबाई काठी टेकत खोपीत आली. पाट्या बाजूला केल्या, मला काढलं, पदराने पुसलं आणि आपल्या खाटेखाली आणून ठेवलं. सुवर्णाला म्हणाली, "ललितला येऊ दे. मला बोलायचंय त्याच्याशी, तुझ्यासमोर." सुवर्णाने विचारलं, "काय, आत्याबाई?" ती म्हणाली, "तो आल्यावर."

तो यायच्या आधी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सुवर्णा तिला भरवते, अंग पुसते, कूस बदलते. जड हाताची आहे असं म्हणतात ना, पण एवढ्या हलक्या हाताने कुणी कुणाला उचललेलं मी पाहिलं नाही.

मुलं आली. योगिनी आईएवढी उंच झाली आहे. कुंदन नऊ वर्षांचा, गोरा, गंभीर, केस नीट विंचरलेले. सुवर्णा त्याच्या तोंडावरून हात फिरवायला गेली आणि मध्येच थांबली. मग आत जाऊन तिने म्हशीचं दूध तापवलं, पेल्यात ओतलं, साखर घातली आणि त्याच्या हातात दिलं. त्याने पेला घेतला. दुधाकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि त्यांच्या भाषेत हळूच काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय गं?" सुवर्णाने विचारलं.

योगिनी जमिनीकडे बघत म्हणाली, "मम्मी, तो विचारतोय, यात काही घातलंय का?"

"साखर," सुवर्णा म्हणाली. "फक्त साखर घातलीय, बाळा."

कुंदनने पेला अलगद खाली ठेवला. शिकवून आणलेलं मराठी आठवून, हात जोडून, तो म्हणाला, "धन्यवाद."

खाटेवर नवसाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिचा डावा हात खाटेखाली माझ्या दिशेने आला, चाचपडला आणि लोंबत राहिला. सुवर्णाला वाटलं, नातू बघून आजीला भरून आलंय. तिने तो हात उचलून पांघरुणात घातला, तिचे डोळे पुसले.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही वस्तू म्हणतो, आम्हाला जपा, आम्हाला अडगळीत टाकू नका. मला ते म्हणायचं नाही. मला खुशाल फोडून टाका. पण तुमच्या घरात कुणी न केलेल्या चुकीचं ओझं घेऊन फिरत असेल आणि खरं काय ते तुम्हाला ठाऊक असेल, तर आजच सांगा. आई रागावेल, बाप मारेल, लोक हसतील, असलं काही बघू नका. तुम्हाला तोंड आहे तोवर बोलून घ्या. कुंदनचं विमान परवा आहे, आणि ज्या दोघींना खरं माहीत आहे, त्यांच्यापैकी एकीलाही बोलता येत नाही.